फौजदारबाईंची सही

कॉफीच्या दुकानावर जीव लावावा, दुकानदारणीवर लावू नये, हे मी त्या गल्लीत राहायला आले त्याच आठवड्यात ठरवून टाकलं. दुकान मोठ्या मायेचं होतं. सात टेबलं, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या, भिंतीला टेकून एक लांब बाक, कोपऱ्यात लोखंडी शेगडी आणि काचांवर कायम वाफ. बाहेर वारा कान कापत असला तरी आत आलं की पाच मिनिटांत चष्मा पुसावा लागायचा आणि दहा मिनिटांत कोट काढावा लागायचा. माझ्या भाड्याच्या खोलीतला हीटर नुसता कुरकुरायचा, ऊब देणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून मी सकाळी नऊला लॅपटॉप घेऊन दुकानात जायची ती दुपारी दोनलाच उठायची. माझं काम धुलाई यंत्रं, मिक्सर, गिझर यांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करण्याचं. ‘ओल्या हाताने बटण दाबू नये’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की मरताना तेच तोंडी येईल. बारीक टाइपातला मजकूर कोणी वाचत नाही, पण तो लिहूनच माझं पोट भरतं.

दुकानदारीण सत्तरीच्या पुढची. काटकुळी, ताठ, बारा महिने तोच राखाडी स्वेटर. गिऱ्हाईकं तिला पाठीमागे फौजदारबाई म्हणायची. आत येणाऱ्या प्रत्येकाची ती डोळ्यांनी झडती घ्यायची. गिऱ्हाईक उठलं की आधी चमचा जागेवर आहे का बघायची, मग ‘या परत’ म्हणायची. नोट मिळाली की उजेडाकडे धरून पाहायची, मग ती देणारा तीस वर्षांचा ओळखीचा पोस्टमन का असेना. एकदा एकाने कागदी पेल्यात कॉफी मागितली. ती म्हणाली, “कॉफी काय पळत पळत प्यायची गोष्ट आहे? आधी पळून घ्या, दमलात की या.” तो बिचारा मुकाट्याने बाकावर बसला आणि पुढे रोज यायला लागला. अशी तिची गिऱ्हाइकी.

माझं तिचं पहिलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

“कुठल्या आपण?”

“तशी इथलीच,” मी जरा मिजाशीतच म्हणाले. “माझे आजोबा याच वस्तीतले. खुर्च्या विणायचे. पासष्ट वर्षांपूर्वी बोटीने परदेशी गेले. माझा जन्म तिकडचा.”

ती कप पुसत होती. तो पुसून झाला तरी पुसतच राहिली.

“अशा इथल्याच पुष्कळ येतात,” ती म्हणाली. “पाळंमुळं शोधायला आलो म्हणतात नि जागेचे कागद शोधत हिंडतात. आणि बोलता कसं हो तुम्ही? मघाशी कोट झटकताना ‘खमीस भिजलं’ म्हणालात. खमीस म्हणतं का कोणी आता?”

“बाबा म्हणतात. त्यांना आजीने शिकवलं.”

“बाबा आहेत?”

“आहेत की. अडुसष्ट वर्षांचे आहेत. ठणठणीत.”

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. माझी कॉफी शेवटी पोस्टमनने आणून दिली. म्हातारी विक्षिप्त आहे, एवढंच मी तेव्हा मनाशी नोंदवलं.

आता माझी अडचण सांगते, म्हणजे मी त्या बाईच्या एवढी मागे का लागले ते कळेल. माझ्याकडे एका वर्षाचा परवाना होता. कायमचं राहायचं तर आपण इथल्याच घराण्याचे आहोत असा अर्ज करायचा आणि तो मंजूर व्हायला हवा. नाही झाला तर सामान बांधायचं. तिकडे परत जायला काही हरकत नव्हती, कोणी मला हाकलून दिलं नव्हतं. पण तिकडे चाळीस वर्षं मी प्रत्येक खिडकीवर माझं आडनाव दोनदा सांगत आले, आणि तिसऱ्यांदा कागदावर लिहून दाखवत आले. इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी गॅसच्या दुकानातल्या माणसाने ते एका झटक्यात, न विचारता, बरोबर लिहिलं. पावती हातात घेऊन मी रस्त्यावर उभी राहून रडले. मला इथे राहायचं होतं, एवढी साधी गोष्ट होती.

अर्ज मी दुकानातच भरला. पेन नव्हतं, ते फौजदारबाईंकडूनच मागून घेतलं. सातव्या रकान्यात विचारलं होतं, ‘या देशात हयात असलेले रक्ताचे नातेवाईक.’ मी एका दमात लिहिलं, ‘कोणी नाही’. बाबा लहानपणापासून हेच सांगत आले होते, आपलं तिकडे कोणी उरलेलं नाही. फौजदारबाई तेव्हा शेजारचं टेबल पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. मी मान वर केली तर बाई सरळ माझ्या कागदात बघत होत्या.

“दुसऱ्याचे कागद वाचायची सवय दिसते,” मी म्हणाले.

“माझ्या टेबलावर ठेवले की दिसतात,” त्या म्हणाल्या आणि पेन काढून घेतलं. “शाई संपते.”

दुसऱ्या दिवसापासून वही सुरू झाली. निळ्या पुठ्ठ्याची साधी वही. मी आत आले की त्या घड्याळाकडे बघायच्या, मला वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि काहीतरी लिहायच्या. मी जवळ गेले की वही मिटायच्या. मनात शंकेची पाल चुकचुकली. परक्यांवर नजर ठेवायला परवान्यांच्या कचेरीने माणसं नेमलेली असतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. उगाच कोणी कोणाच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहून ठेवत नाही.

कचेरीच्या अर्जात आठवा रकाना साक्षीदाराचा होता. कुटुंबाला ओळखणारी, याच वस्तीतली, सत्तरीपुढची व्यक्ती हवी. पोस्टमन रोज अकराला कॉफी प्यायचा आणि टपालाच्या आधी बातम्या वाटायचा. त्याला मी विचारलं.

“तीनच जण होते,” तो बोटांवर मोजत म्हणाला. “एकाला स्वतःचं नाव आठवत नाही. दुसऱ्याने गेल्या वर्षी पत्ता बदलला, आता त्याची पत्रं मी देवाकडे पाठवतो. उरली ती ही.” आणि त्याने हनुवटीने काउंटरकडे खूण केली.

मी धीर करून गेले. “मावशी, एक सही हवी होती.”

“मी सही करत नाही.”

“माझ्या आजोबांना तुम्ही ओळखत होतात का, एवढंच तर—”

“ओळखत होते.”

मला एकदम आनंद झाला. “मग तर झालंच की!”

“ओळखत होते म्हणूनच नाही करत,” त्या म्हणाल्या. “जा, कॉफी गार होतेय.”

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. काय केलं असेल आजोबांनी? कोणाला फसवून पळाले का? की या बाईनेच त्यांचं काही लाटलंय, आणि माझ्या परवान्याने ते उघड्यावर येईल अशी भीती आहे? शहाणं माणूस अशा वेळी दुसऱ्या दुकानात जाऊन बसतं. मी गेलेही. दोन चौक पलीकडे एक चकचकीत दुकान होतं, हसतमुख मुलगी, गुबगुबीत सोफे. तिथे कोणी माझ्याकडे संशयाने पाहिलं नाही, किंबहुना कोणी पाहिलंच नाही. तासाभरात मी परत फौजदारबाईंच्या दारात होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं.

मग एकदा कप ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुमच्या वडिलांच्या हनुवटीवर खूण आहे का हो? डाव्या बाजूला?”

आहे. बाबांच्या हनुवटीवर जुनी खोक आहे. पण मी ती गोष्ट तिथे कोणालाही सांगितली नव्हती. “आहे,” असं तोंडातून निघून गेलं आणि मग लक्षात आलं, माझ्या फोनवर बाबांचा फोटो आहे आणि मघाशी हात धुवायला गेले तेव्हा फोन टेबलावरच राहिला होता. म्हणजे बाई आता फोनही बघायला लागल्या. त्यानंतर मी हात धुवायला जातानासुद्धा फोन खिशात घालून जायला लागले. त्यांनी ते पाहिलं.

चार महिने असे गेले. अर्जाची मुदत संपायला तीन आठवडे राहिले असताना माझ्या चार्जरची वायर टेबलाखाली पडली. ती घ्यायला वाकले, तर समोरच्या खुर्चीची बैठक खालून दिसली आणि मी तशीच वाकलेली राहिले.

आमच्या घरी वेताची बैठक विणायची एक पद्धत आहे. बाकीचे विणकर शेवटचं टोक खालून उजवीकडे वळवून गाठ मारतात. आम्ही डावीकडे मारतो. कारण एवढंच की आजोबा डावखुरे होते. बाबा उजवे, मी उजवी, पण बाबा आजोबांचं बघून शिकले आणि मी बाबांचं बघून. उजव्या हाताने ती गाठ मारताना मनगट मोडायची वेळ येते. मी एकदा म्हटलं होतं, बाबा, ही चूक आहे. ते म्हणाले, असेल, पण आपली आहे. आता त्या खुर्चीखाली ओळीने चोवीस गाठी होत्या, सगळ्या डावीकडे. आणि वेत नवाकोरा, पिवळा, फार तर वर्षभरापूर्वीचा. आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

“मावशी, या खुर्च्या कोणी विणल्या?”

“बाजारातून आणल्या,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

धडधडीत खोटं. बाजारात ही गाठ कोणी फुकटसुद्धा मारणार नाही. आता मात्र मला काही शंका उरली नाही. बाईंना आमच्या घराबद्दल सगळं माहीत होतं आणि ताकास तूर लागू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं.

पुढच्या मंगळवारी दुकान बंद. दारावर पाटी नाही, काही नाही. गल्लीतली माणसं येऊन दार ढकलून बघत होती, कारण हे दुकान कोणाच्या आठवणीत कधी बंद नव्हतं. पोस्टमन भेटला. म्हणाला, “बाई कचेरीत दिसल्या मला. परवान्यांच्या खिडकीवर. हातात ती निळी वही होती.”

मी तडक कचेरी गाठली. खिडकीवरच्या कारकूनबाईंनी माझं नाव ऐकलं आणि मान वर केली. “अच्छा, त्या तुम्ही होय? रोज नऊला कॉफी पिणाऱ्या?” मी विचारलं, माझ्याबद्दल कोणी काही सांगितलंय का? त्या म्हणाल्या, “ते मला सांगता येत नाही. तुम्ही अर्ज नीट वाचलात का?” मी म्हटलं, वाचनच माझा धंदा आहे. त्या हसल्या. ते हसणं घेऊन मी घरी आले आणि रात्रभर तळमळले.

बुधवारी सकाळी दुकान उघडं होतं. शेगडी पेटली होती, काचांवर वाफ होती, सगळं नेहमीसारखं मायेचं. त्याचाच मला राग आला. दुकानात अजून कोणी आलं नव्हतं. मी कोट न काढताच काउंटरवर गेले आणि अर्ज आपटला.

“चार महिने मी तुम्हाला मावशी मावशी करतेय,” मी म्हणाले. “तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता, माझा फोन बघता, कचेरीत चुगल्या करता. का, ते मला कळलंय. ही जागा माझ्या आजोबांची असणार. खुर्च्या त्यांच्या, गाठी त्यांच्या. ते गेले आणि तुम्ही बळकावून बसलात. मला परवाना मिळाला तर तुमचं बिंग फुटेल, म्हणून सही करत नाही. नको मला तुमची जागा! मला फक्त इथे राहायचंय, आणि तुम्ही तेवढंही मला—”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. फौजदारबाई उलट ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसता चष्मा लावला, अर्ज उचलला, उलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

“आठव्या रकान्याच्या सूचना. मागच्या बाजूला. वाच.”

पहिल्यांदाच त्या मला ‘तू’ म्हणाल्या. मी वाचलं. अगदी बारीक टाइपात, तळाशी, माझ्यासारख्याच कोणीतरी पोटासाठी लिहिलेलं एक वाक्य होतं. ‘साक्षीदार हा अर्जदाराच्या रक्ताच्या नात्यातील नसावा.’

मी ते दोनदा वाचलं. “मग?” मी विचारलं. इतकी मी मठ्ठ.

“मग काय? खोटी सही केली असती तर दोघींना धरलं असतं,” त्या म्हणाल्या. “मी तुझ्या बापाची बहीण आहे.”

शेगडीवर किटली उकळत होती. दोघींनीही ती उतरवली नाही.

“मी नऊ वर्षांची होते, तो तीन,” त्या म्हणाल्या. “निघायच्या दिवशी मला डोळे आले. बंदरावरच्या डॉक्टरने सांगितलं, ही मुलगी बोटीवर चढणार नाही. तिकिटं काढलेली. आप्पांनी मला या दुकानाच्या मालकीणबाईकडे ठेवलं, शेजारी म्हणून. म्हणाले, सहा महिन्यांत येऊन नेतो. डोळे आठ दिवसांत बरे झाले.”

“मग का नाही आले?”

“ते मला नको विचारू. मी पासष्ट वर्षं विचारतेय. आधी पत्रं यायची, मग वर्षाला एक, मग नाही. इथल्या बाईने लेकीसारखं वाढवलं, जाताना दुकान दिलं. बळकावलं नाही.”

मला इतकी लाज वाटली की मी खुर्चीत बसले. तीच, डाव्या गाठींची खुर्ची.

“त्या मीच विणते,” त्या म्हणाल्या. “आप्पांनी तेवढंच शिकवलं होतं. सरळ गाठही येते मला. मारत नाही.”

“पण तुम्ही मला सांगितलं का नाही? पहिल्याच दिवशी—”

“पहिल्या दिवशी खात्री नव्हती. तुझ्याआधी एक जण आला होता, म्हणे मी तुमचा पुतण्या. त्याचा डोळा या जागेवर होता. दुधाने तोंड पोळलं होतं. तुझ्या अर्जावर आप्पांचं नाव पाहिलं तेव्हा खात्री पटली. म्हटलं, आता हिला सांगावं. तेवढ्यात माझंच पेन घेऊन, माझ्याच टेबलावर तू काय लिहिलंस?” त्यांनी अर्ज सुलटा केला आणि सातव्या रकान्यावर बोट आपटलं. “मी काय भीक मागायची होती, की बाई, मला तुझ्या कागदावर घे? मी आहे, मी मेलेली नाही?”

त्यांनी निळी वही काउंटरवरून माझ्याकडे सरकवली. मी पहिलं पान उघडलं. त्यावर तारीख होती आणि एकच ओळ. ‘कोणी नाही असं लिहिलं.’ पुढच्या पानांवर बारीक अक्षरात रोजचं. ‘नऊ पाच. आली. हिरवा मफलर. खोकते.’ ‘नऊ वीस. उशीर झाला, झोपली नसेल.’ ‘आज आली नाही.’ ‘आजही नाही. खोलीवर दिवा होता.’ ‘हसली. आईसारखी हसते.’ मी पुढे वाचू शकले नाही.

“ठेव ते,” त्यांनी वही परत ओढून घेतली. “काल मी कचेरीत जाऊन आले. ती खिडकीवरची बाई म्हणाली, सातव्या रकान्यात नातेवाईक दाखवला तर साक्षीदार लागतच नाही, नातेवाइकाने सही केली की झालं. पण नाव अर्जदाराने आपल्या हाताने लिहायचं. मी लिहून चालत नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही रोज तीन कप कॉफी पीत. मी पेनसाठी पर्स धुंडाळायला लागले. त्यांनी आपलं पेन पुढे केलं. “खोड ते आधी,” त्या म्हणाल्या. “नीट खोड. काही दिसता कामा नये.”

मी ‘कोणी नाही’वर इतक्या रेघा मारल्या की कागद फाटायला आला. वर त्यांना विचारून त्यांचं नाव लिहिलं, आणि नात्याच्या जागी लिहिलं, आत्या. चार महिने मी त्यांना मावशी म्हणत होते आणि त्या ते ऐकून घेत होत्या. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, नोटा धरतात तसाच, आणि अक्षर अन् अक्षर तपासलं. मग खाली सही केली. सही करताना त्यांच्या डाव्या हातात पेन होतं. इतके दिवस माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

“बाबांना फोन लावू?” मी विचारलं.

“लाव. पण मी आहे ते सांगू नकोस,” त्या स्वेटर ओढून सारखा करत म्हणाल्या. “आधी त्याला विचार, हनुवटीवर खूण कशी झाली. कोण कुठला, आपली खात्री करून घेतलेली बरी.”

मी फोन स्पीकरवर ठेवला. बाबांनी दुसऱ्या रिंगला उचलला. मी विचारलं, बाबा, तुमच्या हनुवटीवरची खूण कसली हो?

“ही होय? लहानपणी कोणाच्या तरी कडेवरून पडलो होतो, एवढंच आई सांगायची,” बाबा म्हणाले. “कोणाच्या ते तिने कधी सांगितलं नाही. विचारलं की उठून आत जायची. का गं, आज एकदम?”

आत्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन्ही हातांत धरला.

“माझ्या,” ती म्हणाली.